तक्ता नऊ, रकाना चौथा

११ सप्टेंबर

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दिवसातून दोनदा फोन करणाऱ्या बहिणीने पोस्टाने पत्र पाठवावं म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तुला कळेलच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "ऐक ना, ऐक ना" करत मला गुंडाळतेस, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं होतं ते माझ्यापाशीच राहिलं.

सोमवारी कॉलेजात नोटीस लागली. जिन्याशेजारच्या फळ्यावर, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धी दडवलेली. 'नव्या सेवा-धोरणानुसार, पाच वर्षांहून अधिक काळ तासावर शिकवणाऱ्या खालील अध्यापकांच्या नेमणुका महिनाअखेरीस संपुष्टात येत आहेत.' खाली नऊ नावं. पहिलं नाव इतिहासवाल्या बाईंचं. एकोणीस वर्षं झाली त्यांना. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि तासाला गेल्या. पन्नास मिनिटांचा तास पन्नास मिनिटं घेतला. परत येऊन सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "अगं, तू तर सांगितलं होतंस, शंभरातले अठ्ठ्याहत्तर कायम होणार म्हणून?"

मी काय सांगणार? सांगितलं होतं खरं.

तुझी ओळख त्या स्टाफरूममध्ये मीच करून दिली होती. "ही माझी ताई, अर्थशास्त्राची प्राध्यापक. कॉलेजांत माणसं कशी नेमतात आणि कशी राबवतात, यावरच तिने उभी हयात घातलीय." दोन वर्षांपूर्वी तू तीन आठवडे आमच्याकडे राहिलीस. बाबांनी तुला त्यांची खोली दिली आणि स्वतः बाहेर दिवाणावर झोपले. रोज दुपारी तू आमच्या जिन्याखालच्या खोलीत यायचीस. आम्ही अकरा जण आणि खुर्च्या सात. तू उभी राहिलीस, पण कुणाची खुर्ची घेतली नाहीस. भूगोलवाले सर नंतर म्हणाले, "तुमच्या ताई एवढ्या मोठ्या, पण अंगात मोठेपणा नाही हो." आमची हजेरीची वही वेगळी का, सुट्टीत आम्ही कॉलेजचे असतो की कुणाचेच नसतो, हे सगळं तू विचारलंस. रसायनवालीने तुला सांगितलं की बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी ती वर्गात उभी होती, कारण रजा घेतली की जागा गेली. हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग आमच्यावरचं तुझं पुस्तक आलं, आणि सेवा-धोरण ठरवणाऱ्या समितीवर तुला घेतलं. तुझी शिफारस आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली: पाच वर्षं झाली की एक तर माणसाला कायम करा, नाही तर नेमणूक थांबवा, वर्षानुवर्षं टांगून ठेवायचं नाही. कच्चे तक्ते तू मलाच तपासायला पाठवले होतेस, संख्याशास्त्र शिकवते म्हणून. तक्ता नऊ मला अजून पाठ आहे. चौथा रकाना, 'समायोजन', अठ्ठ्याहत्तर टक्के. समायोजन म्हणजे सामावून घेणं, एवढं मराठी मलाही येतं. म्हणून तर मी नाचत नाचत सगळ्यांना सांगितलं.

मग हे काय झालं? कॉलेजने तुझ्या धोरणाचा उलटा अर्थ लावला का? तू एक पत्र लिहिलंस तरी प्राचार्य हलतील. महिना संपायला अजून वेळ आहे. लवकर कळव.

बाबा बरे आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी,
धाकटी


२३ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. बाबांना मात्र परवा फोन केलास. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख विचारलीस, थेंब वेळेवर घाला म्हणालीस. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. बाबांनी विचारलं, "हिला देऊ का?" तुला घाई होती म्हणे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. नऊ नावं लिहिली, आम्ही अकरा हेही लिहिलं. तू मोजलं असशीलच. तुझा तो धंदाच आहे. नोटिशीत माझं नाव नव्हतं.

नोटीस लागली त्याच दुपारी प्राचार्यांनी मला बोलावलं. अकरा वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यासाठी खुर्चीतून उठले. "बसा, बसा," म्हणाले आणि पाकीट पुढे सरकवलं. "अभिनंदन. दोनच जागा मंजूर झाल्यात. एक संगणकवाल्यांची, त्यांच्यावाचून अडतंच. दुसरी तुमची. ताईंना नमस्कार सांगा. म्हणावं, आम्ही शब्द पाळला."

"कसला शब्द, सर?"

"अहो, जुलैत आमचं बोलणं झालं होतं ना. घरचं माणूस म्हटल्यावर एवढं तर…" आणि ते हसले.

मी सही केली. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. नऊ जणांचं जातंय हे मला माहीत होतं, आणि मी सही केली. बाबांचे डोळे, घराचं भाडं, माझं वय, अशी कारणं मनात रांगेत उभी होती. घरी येऊन बाबांना पेढे दिल्यासारख्या आवाजात सांगितलं, "कायम झाले मी." ते इतके रडले की मला दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

स्टाफरूममध्ये कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. भूगोलवाले सर एवढंच म्हणाले, "तुमचं अभिनंदन करायचं राहिलं बघा." रसायनवालीने तिच्या मुलाचा स्वेटर विणायला माझ्याकडून लोकर नेली होती, ती उरलेली लोकर माझ्या टेबलावर आणून ठेवली. स्वेटर अर्धाच झाला होता, हे मला माहीत आहे.

आता एक साधा हिशोब. धोरण जाहीर झालं ऑगस्टमध्ये. तू प्राचार्यांशी बोललीस जुलैत. जुलैत तुला माझ्या जागेची काळजी वाटली. म्हणजे जागा जाणार, हे तुला जुलैत ठाऊक होतं. मला यात कुठे चूक सापडत नाही. तुला सापडली तर दाखव. मी मनापासून सांगते, मला चूक सापडायला हवी आहे.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, टाइप केलेली, दोन्ही बाजूंना समास सोडून. खाली टिपा नाहीत एवढंच.

तू लिहितेस, 'समायोजन ही संज्ञा मी श्रमबाजाराच्या अर्थाने वापरली होती. नियम बदलला की संस्था आपलं मनुष्यबळ त्याप्रमाणे कमी करतात, ते समायोजन.' बरं. म्हणजे अठ्ठ्याहत्तर हा राहणाऱ्यांचा आकडा नव्हता, जाणाऱ्यांचा होता. तुझ्या तक्त्यापेक्षा आमचं कॉलेज पुढे निघालं. अकरातले नऊ. जवळपास ब्याऐंशी टक्के.

तू लिहितेस, 'काही काळ त्रास होईल, पण पुढच्या पिढीतल्या कुणाला एकोणीस वर्षं तासावर काढावी लागणार नाहीत.' हेही मी समजू शकते. धोरण करताना कुणाचं तरी बोट कापलं जातं, असं तू पूर्वीही म्हणायचीस. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

माझ्या जागेबद्दल तू लिहितेस, 'बहीण म्हणून तेवढं केलं.' ठीक.

पण तिसऱ्या पानावर जे आहे ते मी पुन्हा पुन्हा वाचतेय. 'तक्ता तपासून तू फोन केलास तेव्हा तुझा गैरसमज झाल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. पण तू इतकी आनंदात होतीस की दुरुस्त करायचा धीर झाला नाही. शिवाय त्या वेळी समितीला शिक्षकांचा लेखी पाठिंबा हवा होता.'

ते 'शिवाय', ताई.

तो फोन मला आठवतो. मी कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर उभी होते. म्हटलं, "ताई, अठ्ठ्याहत्तर! अगं, आमच्यातले आठ-नऊ जण कायम होतील!" तू क्षणभर गप्प होतीस. मला वाटलं, तुझाही गळा भरून आला. मग तू म्हणालीस, "त्यांच्या सह्या मिळतील का गं, पाठिंब्याच्या पत्रावर?"

मी धावत गेले. प्रत्येकाच्या घरी गेले. भूगोलवाले सर म्हणाले, "नीट वाचू दे की." मी म्हटलं, "सर, माझी ताई आहे. वाचायचं काय त्यात?" इतिहासवाल्या बाईंनी तर न वाचताच सही केली, वर मला चहा पाजला. स्वतःला घालवणाऱ्या कागदावर त्यांनी माझ्या भरवशावर सह्या केल्या, आणि मी तुझ्या.

पुढच्या पिढीसाठी तुला आमचं बोट कापायचं होतं, तर सांगायचं होतंस. कदाचित दोघा-तिघांनी तरीही सही केली असती. बाईंनी तर नक्की केली असती, त्या तशा आहेत. तू विचारलंच नाहीस.

आईच्या मागे तू मला वाढवलंस. शाळेत कुणी फसवलं की मी तुझ्याकडे यायचे. आता या प्रकरणात कुणाकडे जाऊ, ते तूच सांग.


२ नोव्हेंबर

ताई,

कालच्या फोननंतर पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू रागात काही ऐकलंस, काही नाही. म्हणून काय केलं ते लिहूनच ठेवते.

गेल्या शनिवारी मी इतिहासवाल्या बाईंकडे गेले. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, पुस्तकांचे गठ्ठे अजून दोरीत बांधलेले, कॉलेजातून आणलेले तसेच. कच्चा तक्ता, तुझं चार पानी पत्र आणि माझं नेमणुकीचं पत्र, तिन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, जुलैत तू प्राचार्यांशी बोललीस तेही.

त्यांनी शांतपणे वाचलं. मग म्हणाल्या, "तुझ्या ताईने आम्हाला फसवलं, ते एक. पण तू सही केलीस त्या दिवशी मला येऊन का नाही सांगितलंस?"

"घाबरले होते, बाई."

"हं." कागदांची चळत नीट लावत म्हणाल्या, "मीही घाबरले असते. पण सांगितलं असतं." आणि उठून चहा ठेवायला गेल्या. यावेळी तो चहा तसाच ठेवून मी घरी आले.

त्या नऊ जणांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केलाय. म्हणणं एवढंच: काम आहे तसंच आहे, वर्ग भरताहेत, मग माणसं कुठल्या निकषावर काढली आणि दोन कुठल्या निकषावर ठेवली? मी त्यांच्या बाजूने साक्ष देणार आहे. तक्ता आणि तुझं पत्र मी त्यांच्या वकिलांना दिलं.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच फोन केला. तू काय काय म्हणालीस ते तुला आठवत नसेल तर:

"घरचं पत्र कोर्टात? तुला लाज नाही वाटली?"

"वाटली. दोन महिने तीच वाटतेय."

"माझं बारा वर्षांचं काम मातीत जाईल. जे लोक शिक्षकांना आयुष्यभर तासावर ठेवू बघतात ते टाळ्या पिटतील. कळतंय तुला?"

"कळतंय."

"आणि तुझी नोकरी जाईल, वेडे! बाबांचं कसं करणार आहेस?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. तू म्हणालीस, "मी तुझ्यासाठी शब्द टाकला, आणि तू माझ्यावरच उलटलीस." ताई, तू शब्द टाकलास तो माझ्यासाठी होता यावर माझा विश्वास आहे. पण तो टाकताना बाकीचे नऊ जण तुला दिसत होते. तू त्यांच्यात उभी राहून त्यांचं ऐकलं होतंस.

बाबांना मी काल सगळं सांगितलं. ते आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवत आले; तुझं पुस्तक भिंग लावून वाचतात आणि छपाईच्या चुका काढतात. ऐकून म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या मुलीला साधा शब्द मिळाला नाही?" मग जेवले नाहीत. तुझ्यावर चिडले की माझ्यावर, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.


१८ जानेवारी

ताई,

काल न्यायाधिकरणात तू माझ्यापासून तीन खुर्च्यांवर बसली होतीस. आपण एकमेकींकडे बघितलं नाही, म्हणून हे पत्र.

तू निळी साडी नेसली होतीस आणि बारीक झालीस. प्रवासाने असेल.

मागच्या तारखेला कॉलेजचे वकील म्हणाले होते की हा तक्ता बनावट आहे, समितीच्या छापील अहवालात असा तक्ताच नाही. ते खरंच होतं. अहवालात तू तक्ता आठनंतर एकदम दहा दिलाय, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून तुला बोलावलं. मला वाटत होतं, तू येणार नाहीस. नंतर वाटलं, येशील आणि म्हणशील, मी असा तक्ता केलाच नाही. पत्रावर तुझी सही होती, तरी मला तसं वाटलं. आपल्यात आता काय उरलंय, त्याचा अंदाज मला त्यावरून आला.

तक्ता माझाच आहे, असं तू म्हणालीस. मग तू संज्ञा समजावून सांगायला लागलीस. अल्पकालीन, दीर्घकालीन, मागणीची लवचिकता. उत्तम बोलत होतीस, नेहमीसारखी. मागच्या बाकावर रसायनवाली मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, तीही मन लावून ऐकत होती. अध्यक्षबाईंनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"प्राध्यापकबाई, मला एवढंच सांगा. या रकान्यातली माणसं कामावर राहतात की जातात?"

तू पाण्याचा पेला उचललास आणि न पिता ठेवलास.

"जातात," म्हणालीस.

"हे सह्या करणाऱ्यांना माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"होतं."

त्यानंतर माझी साक्ष झाली. जुलैतलं तुझं आणि प्राचार्यांचं बोलणंही मी सांगितलं. प्राचार्य छताकडे बघत होते. मी तुझ्याविरुद्ध बोलतेय असं मला त्या वेळी वाटलंच नाही. मी लहानपणीसारखी तुलाच काहीतरी सांगत होते, आणि तू ऐकत नव्हतीस, असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर भूगोलवाले सर तुझ्याशी बोलायला थांबले होते. तू टॅक्सीत बसून गेलीस. त्यांना तुला शिव्या द्यायच्या नव्हत्या, ताई. ते म्हणाले, "खरं बोलल्या, तेवढं सांगायचं होतं त्यांना." त्यांचा निरोप कळवते.

बाबा घरी वाट बघत होते. तू घराच्या दोन स्टॉप अलीकडून परत गेलीस हे त्यांना सांगितलं नाही. काम होतं म्हटलं. तुझ्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं.


४ मार्च

ताई,

निकाल लागला. वर्तमानपत्रात तू वाचला असशील, पण तिथे अर्धाच आलाय.

न्यायाधिकरणाने म्हटलंय, वर्ग सुरू आहेत तितक्या जागा कॉलेजला भराव्याच लागतील. त्या पाच होतात, आणि त्या सेवेच्या वर्षांप्रमाणे भरायच्या. इतिहासवाल्या बाई पहिल्या. भूगोलवाले सर दुसरे. रसायनवाली पाचवी आली, माझ्याहून एक वर्ष आधी लागली होती म्हणून. सहावी मी. संगणकवाले सरही गेले. ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. एकूण सहा जण बाहेर. तुझ्या पाठिंब्याच्या पत्रावर त्या सहाही जणांच्या सह्या आहेत, माझीही.

माझं नेमणुकीचं पत्र मी स्वतः जाऊन प्राचार्यांना परत दिलं. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात." मी म्हटलं, "हो सर. सही कुठे करू?"

बाई पहिल्या दिवशी मोठ्या स्टाफरूममध्ये गेल्या आणि कायम शिक्षकांच्या हजेरीच्या वहीत सही केली. मला फोन करून म्हणाल्या, "अगं, इथल्या खुर्च्यांना हात आहेत!" मी हसले, मग त्या हसल्या. मला त्यांनी माफ केलंय की नाही, ठाऊक नाही. रविवारी बोलावतात. मी जाते.

मला एका हॉस्पिटलच्या नोंदणी खात्यात काम मिळालंय. किती रुग्ण आले, किती बरे होऊन गेले, किती गेले, याचे तक्ते करते. पहिल्याच आठवड्यात वरच्या साहेबांनी सांगितलं, 'मृत्यू' नको, जरा सौम्य शब्द घाला. मी म्हटलं, नाही घालणार. त्यांनी वाद घातला नाही. नवीन आहे म्हणून सोडून दिलं असेल.

तुझ्या विद्यापीठाने तुझ्याकडे खुलासा मागितलाय, असं ऐकते. तुझं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. आधी वाटायचं, हे कबूल करते. ऑक्टोबरात तर रोज वाटायचं. तुझं पुस्तक मी मध्यंतरी पुन्हा वाचलं. त्यात आमच्याबद्दल लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तू आम्हाला इतकं नीट बघितलं होतंस. तेच मला सहन होत नाही. न बघता केलं असतंस तर मी आज तुझ्या गळ्यात पडून रडले असते.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन एकवीस तारखेला आहे. ते दोनदा म्हणाले, ताईला कळवलंस का. कळवलं. तू ये. आठवडाभर राहा. त्यांच्या शेजारी बस, थेंब घाल, त्यांना वाचून दाखव. मी कामावरून सहाला येते. दार मीच उघडेन, तुझी बॅग आत घेईन, जेवायलाही तुझ्यासोबत बसेन.

फक्त मला जवळ घेऊ नकोस. बाबांसमोर तर नकोच. मला ते अजून झेपणार नाही, आणि झेपत नाही हे त्यांना कळेल.

धाकटी